पतंगाच्या बग्गीचा रॅक

मिस्त्रीला 'हो' म्हणायची भारी घाई. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत याचा होकार तयार, आणि मग आठवडाभर स्वतःलाच शिव्या. पंचवीस वर्षं त्याने गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांचे कठडे केले ते याच सवयीच्या जोरावर. सहा वर्षांपूर्वी बायको शेडमध्ये येऊन "आपण वेगळे झालेलंच बरं" असं म्हणाली, तेव्हा तो ग्राइंडरची चकती बदलत होता. "हो, बरं," असं तो म्हणून गेला. आपण कशाला हो म्हटलं हे त्याला चकती घट्ट बसल्यावर कळलं, आणि तोवर ती रस्त्याला लागली होती.

काडीमोडाच्या कागदावर मिस्त्रीच्या वाट्याला रविवार आला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, लेक त्याच्याकडे. लेकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं. पण लहानपणापासून एका जागी कधी टिकली नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आता सोळावं सरत आलं होतं तरी तेच नाव चालू होतं.

रविवारी शेड गिऱ्हाइकांना बंद. तरी मिस्त्री दोन-तीन बारीकसारीक कामं मुद्दाम त्या दिवसासाठी मागे ठेवायचा. एखादी कडी, खुर्चीचा मोडका पाय, असलं काहीतरी. रिकाम्या हातांनी पोरीसमोर बसलं की त्याला बोलणं सुचत नसे. हातात काम असलं की निदान "तो पाना दे", "इकडनं धर" एवढं तरी तोंडातून निघे. ती स्टुलावर बसून अभ्यास करायची, कंटाळली की रंगाचा ब्रश हातात घ्यायची. दुपारी दोघं अंडी-पाव खायचे. दिवसभरात दोघांची मिळून पन्नासेक वाक्यं होत असतील नसतील. पण मिस्त्रीच्या आठवड्यात दिवस म्हणावा असा तेवढा एकच होता; बाकीचे सहा नुसते त्याच्या दिशेने चालायचे.

त्या रविवारी भिंगरी आली ती मोबाइल पुढे करूनच. फोटोत तीन चाकांचा एक सांगाडा होता आणि मध्ये झोळीसारखी बैठक.

"ही बग्गी, बाबा. ह्यात बसायचं. पाय पुढच्या चाकाच्या दांडीवर, वळवायचं पायांनीच. कारण हातात पतंग."

"पतंग?"

"मोठा! तुमच्या ह्या शटरएवढा. वारा त्याला ओढतो आणि तो आपल्याला. ओहोटीच्या ओल्या वाळूवर असली पळते ना बाबा, असली पळते!"

"आणि ब्रेक?"

"ब्रेक नसतो."

मिस्त्रीने फोटो जवळ घेऊन पुन्हा एकदा नीट पाहिला. आजवर त्याने साधं फाटक केलं तरी त्याला अडसर ठेवला होता.

बग्गी घेऊन दिली होती काकांनी. काका म्हणजे भिंगरीच्या आईचा दुसरा नवरा. ऑफिसातल्या कुणाकडून त्यांनी ती जुनी उचलली होती. किनारा होता अडीच तासांवर आणि ती काही गाडीत मावत नव्हती. पण काकांच्या गाडीला मागे बंपरखाली एक चौकोनी नळी बसवलेली होती. तिच्यात दोन इंची पाइप घुसवायचा, आडवी पिन मारायची, की मागे काहीही टांगून नेता येतं. काका त्याला हिच म्हणत.

"बाजारात त्याच्यावर लावायचे रॅक मिळतात, पण ते सायकलींचे," भिंगरी म्हणाली. "बग्गीचा कुणाकडून तरी बनवूनच घ्यावा लागेल म्हणाले काका. मी म्हटलं, कुणाकडून तरी कशाला? माझे बाबा आहेत की!"

आता यावर कुठला बाप नाही म्हणेल?

"हो. करू की," मिस्त्री म्हणाला. छाती जरा पुढेच आली होती त्याची. "मग? कधी कधी जायचा विचार आहे?"

"दर रविवारी. शिकवणारा ग्रुप रविवारीच जमतो. आणि शनिवारी आईला न् काकांना अर्धा दिवस काम असतं." मग ती थांबली. "चालेल ना, बाबा?"

रॅक म्हणजे आपला रविवार न्यायची गाडी, आणि ती आपणच बांधून द्यायची, एवढं सगळं एका क्षणात मिस्त्रीला लख्ख कळलं. पण होकार तर देऊन झाला होता, आणि पोरगी तोंडाकडे बघत उभी होती.

"न चालायला काय झालं?" तो म्हणाला, आणि खुर्चीचा मोडका पाय उचलून विनाकारण घासत बसला.

सोमवारी तिच्या आईचा फोन आला. तिचा आवाज ऐकला की मिस्त्री अजूनही उभा राहून बोलायचा.

"तिने तुम्हाला गळ घातली म्हणे. हे बघा, रविवार तुमचा आहे. नको असेल तर मोकळेपणाने सांगा. मी समजावीन तिला, तुमचं नावसुद्धा येऊ देणार नाही मध्ये."

याहून सोपी सुटका कुणी कुणाला देऊ केली नसेल. मिस्त्रीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मला पोरगी हवी आहे, असं म्हणायचं होतं. एवढी तीन-चार शब्दांची गोष्ट. पण ती म्हटली की पुढे आणखी काही म्हणावं लागेल, सहा वर्षांचं काहीबाही बाहेर येईल, अशी त्याला धास्ती वाटली.

"छे छे," तो म्हणाला. "गाडी पाठवा मापाला."

मंगळवारी काका स्वतः गाडी घेऊन आले, टपावर दोऱ्यांनी कशीबशी बांधलेली बग्गी घेऊन. आता हा माणूस खडूस असता, शेडच्या काळोखाकडे बघून नाक मुरडणारा असता, तर मिस्त्रीची किती सोय झाली असती! पण काकांनी न सांगता टेपचं दुसरं टोक धरलं, स्वच्छ शर्टाने गाडीखाली आडवे झाले, आणि उठताना म्हणाले, "भिंगरी सांगते, बाबांनी केलेलं एकही गेट आजवर कुरकुरलं नाही म्हणून." असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? मिस्त्रीने प्रयत्न केला, पण जमलं नाही.

जाताना काकांनी एक कागद दिला. गाडीच्या पुस्तकातून काढलेला, हिचचं चित्र आणि खाली बारीक आकडे. "ह्यात सगळं आहे, मिस्त्री. एकदा नजर टाका." मिस्त्रीने तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. कागद बघून काम करायची त्याला कधी गरज पडली नव्हती. माप बोटांत असायचं, आणि मजबुती मनगटात.

कामाला बसताना वाईट विचार आला नाही असं नाही. एखादा जोड कच्चा ठेवावा, पहिल्याच खेपेला रॅक डुगडुगेल, मग काका म्हणतील राहू द्या. विचार आला तसा मिस्त्रीने आपल्याच थोबाडीत मारल्यासारखा तो हाकलला. त्या गाडीत कोण बसणार होतं? आणि मग घाबरून तो उलट टोकाला गेला. दोन इंची चौकोनी पाइप घेतला तो पाच मिलीमीटर जाडीचा. खाली आडवा तुळईसारखा दांडा, बग्गीची मागची चाकं बसायला दोन पाळणे, मध्ये उभा खांब. बग्गी मागच्या चाकांवर उभी करायची आणि पुढची दांडी खांबाला बांधायची. प्रत्येक कोपऱ्यात आधाराला लोखंडी पाटा, पाट्यावर पुन्हा पाटा. जिथे एक जोड पुरला असता तिथे त्याने तीन मारले. शनिवारी काळा रंग देऊन झाला आणि मिस्त्रीने रॅकला एक लाथ घातली. रॅक हलला नाही, पायाचा अंगठा मात्र सुजला. त्याला समाधान वाटलं.

रविवारी सकाळी काका आणि भिंगरी आले. तिने वारा अडवणारं जाकीट घातलं होतं, डोक्यावर हेल्मेट तर शेडमध्ये शिरतानाच चढवलं होतं. तिघांनी मिळून रॅक उचलला, पाइप नळीत घातला, पिन मारली. मिस्त्रीने बग्गी पाळण्यात उभी केली, आणि हात सोडला.

गाडी मागे बसली. कुत्रं बसतं तशी, ढुंगण टेकून आणि तोंड वर करून.

मग काका वाकून हिचवरची छोटी पट्टी वाचू लागले. "पंच्याहत्तर किलो," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्याच्यापेक्षा जास्त नाही चालत. कागदावर होतं ते. माझंच चुकलं, मी तोंडी सांगायला हवं होतं."

मिस्त्रीने भंगार मोजायचा काटा काढला आणि रॅक आढ्याच्या साखळीला लटकवला. चोपन्न किलो. बग्गी तीस. काट्याचा दोष नव्हता, तो दर आठवड्याला भंगारवाल्यासमोर खरा ठरत होता.

त्याला खरोखर कळेना की हे झालं कसं. आणि मग कळलं. पंचवीस वर्षांत त्याने केलेली प्रत्येक वस्तू भिंतीला धरून होती, नाहीतर जमिनीत गाडलेली. जड असणं हीच तिची मजबुती. गेट कधी कुठे जात नाही. जी वस्तू दुसऱ्या कुणालातरी उचलून न्यायची आहे, अशी वस्तू त्याने जन्मात केली नव्हती. वजन नावाची भानगड असते हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"राहू द्या, मिस्त्री," काका म्हणाले. "एवढी मेहनत घेतलीत. पुढे कधीतरी बघू." आणि भिंगरीकडे वळून, "आज रविवार बाबांकडेच, काय? मी संध्याकाळी येतो."

"आजचा गेला तर ग्रुपमधली जागा..." भिंगरी म्हणू लागली आणि मिस्त्रीचा चेहरा बघून थांबली. "चालेल. काही हरकत नाही, बाबा."

रॅक उतरवून काका गेले. बग्गी एका कोपऱ्यात उभी राहिली. भिंगरीने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि स्टुलावर बसली.

म्हणजे मिस्त्रीच्या मनासारखं झालं होतं, तेही काही लबाडी न करता. रविवार परत मिळाला होता. आणि काय गंमत, त्याला तो घशाखाली उतरेना. पोरगी रागावली असती, आदळआपट केली असती तर एकवेळ बरं. ती शहाण्यासारखी वागत होती. "तुमचं काम चालू द्या बाबा, मी बसते," म्हणाली. दुपारी अंडी-पाव खाल्ला, बशा धुतल्या. अधूनमधून उठून बग्गीचं पुढचं चाक हाताने फिरवायची आणि ते थांबेपर्यंत बघत राहायची. मिस्त्री कडी घासत होता, तीच ती कडी, चार वेळा. तिच्याशी काहीतरी बोलावं म्हणून त्याने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाना मागितला.

संध्याकाळी गाडी आली तेव्हा तो एकदम म्हणाला, "ग्रुपवाले तुझी जागा कधीपर्यंत ठेवतील?"

"फार तर पुढच्या रविवारपर्यंत. का?"

"शनिवारी संध्याकाळी गाडी पाठवायला सांग."

भिंगरीने त्याला मिठी मारली. हेल्मेटचं टोक त्याच्या हनुवटीवर आपटलं. सहा वर्षांत अशी मिठी किती वेळा मिळाली हे त्याला बोटांवर सांगता आलं असतं, आणि ही मिळाली ती तिला घालवून द्यायची सोय करतो म्हटल्यावर. मिस्त्री हसला. दुसरं काय करणार होता?

सोमवारपासून त्याने नवीन रॅक धरला. नळीत जाणारा दांडा तेवढा जाड ठेवला, बाकी सगळीकडे दीड इंची पातळ पाइप. खिळ्यावरचा कागद काढून टेबलावर पसरला आणि पाणी प्यायच्या भांड्याने दाबून ठेवला. मजबुती आता जाडीतून येणार नव्हती, म्हणून तिरपे आधार दिले, त्रिकोण साधले. पातळ पाइपला वेल्डिंग करणं म्हणजे जीव मुठीत धरून चालणं; हात जरा रेंगाळला की भोक. दोन तुकडे जळले, तिसरा नीट बसला. प्रत्येक तुकडा कापला की काट्याला लावायचा, आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. दोन गिऱ्हाइकं गेटसाठी येऊन परत गेली. पंचवीस वर्षांत त्याने इतकं मन लावून काही केलं नव्हतं, आणि प्रत्येक जोड मारताना त्याला माहीत होतं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, आणि तोही अगदी मोजूनमापून.

सव्वीस किलो भरला. बग्गी धरून छप्पन्न. शनिवारी संध्याकाळी काका गाडी ठेवून रिक्षाने घरी गेले. मिस्त्रीने रॅक चढवला, बग्गी बांधली, आणि बराच वेळ गाडीच्या मागे उकिडवा बसून राहिला. गाडी सरळ उभी होती. दिवे दिसत होते, नंबराची पाटी दिसत होती. कुठेही खोट नव्हती, आणि खोट नाही याचं त्याला रडू येत होतं.

रविवारी सात वाजताच तिघंही हजर. भिंगरीची आई रस्त्यापलीकडेच थांबली, तिथूनच तिने हात केला. काका रॅकभोवती फिरले, एका ठिकाणी धरून हलवून पाहिलं, आणि नुसतं "वा!" म्हणाले. दुसरं काही म्हणाले असते तर कमीच पडलं असतं, हे त्यांना कळत असावं.

भिंगरी मिस्त्रीजवळ आली. "बाबा, एक सांगू? बरं झालं हे."

"काय?"

"म्हणजे तुम्हाला आता रविवार मोकळा मिळेल. एवढी वर्षं माझ्यामुळे अडकून पडत होतात. मला कळत होतं बाबा, तुमची कामं पडलेली असायची आणि मी आपली मध्येच स्टूल घेऊन." ती हसली. खरोखरच मायेने बोलत होती पोरगी. बापाच्या डोक्यावरचं एक ओझं आपण उतरवतोय असं तिला वाटत होतं. "आता निवांत काम करा."

ती कामं तुझ्यासाठीच ठेवलेली असायची गं, असं ओरडून सांगावंसं मिस्त्रीला वाटलं. कड्या आणि मोडके पाय! त्यातलं एकही काम असं नव्हतं जे शुक्रवारी दहा मिनिटांत झालं नसतं. पण हे सांगायला सुरुवात कुठून करायची? गाडी सुरू झालेली, भरती-ओहोटीची वेळ ठरलेली, आणि पलीकडे तिची आई घड्याळ बघतेय. त्याने तिच्या जाकिटाची चेन वरपर्यंत ओढली. "वारा असेल," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात काका रॅकपाशी वाकून म्हणाले, "मिस्त्री, पाळण्यांचे हे बोल्ट प्रवासात ढिले होतील का हो? म्हणजे दर खेपेला आवळून घ्यावे लागतील? तसं असेल तर जाता जाता इथे थांबत जाऊ. वाटेवरच आहे. दर रविवारी दहा मिनिटं."

दहा मिनिटं. दर रविवारी. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. 'हो' म्हणायचं होतं नुसतं, आणि तो शब्द तर आयुष्यभर त्याच्या जिभेच्या टोकावर राहायला होता. यायचंच, न आवळता पुढे जायचंच नाही, असंही वर ठोकून देता आलं असतं. त्याने तोंड उघडलं.

"काय हो काका!" भिंगरीच मध्ये बोलली. मान ताठ, डोळ्यांत नुसता अभिमान. "बाबांनी बसवलेला नट कधी सुटतो होय? सांगा ना बाबा त्यांना."

ती बापाकडे बघत होती. शाळेत कुणीतरी खोडून काढलेली गोष्ट बापाने येऊन खरी करून द्यावी, तशी.

"नाही सुटत," मिस्त्री म्हणाला. "लॉकचे नट आहेत. यायची गरज नाही."

सगळे गाडीत बसले. दारं लागली. गाडी निघाली तसा मिस्त्री चार पावलं तिच्यामागे रस्त्यावर आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. पहिला खड्डा आला. रॅक डुलला नाही. गतिरोधकावर बग्गी जराशी उसळली आणि जागच्या जागी बसली. पिन घट्ट होती, पट्टे ताणलेले होते, खांब सरळ होता. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि इतका वेळ हलत होता. मिस्त्री रॅक हलतो का तेवढंच बघत होता.